आधी कार्य काढा

तुमच्या ताब्यात एखादा जुना, भव्य, काचेच्या छपराचा प्रदर्शन-महाल आला असेल (असतं एकेकाचं नशीब), तर एक ऐका. दुरुस्तीची घाई करू नका. आपल्या घरांना रंग कधी लागतो ते आठवा. भिंतींचे पोपडे सुटले म्हणून लागत नाही, आत्या दहा वर्षं टोमणे मारते म्हणूनही लागत नाही. मुलीचं लग्न ठरलं की मात्र पंधरा दिवसांत रंग, नवे पडदे आणि मोरीला नवं दार. महालाचंही तेच. घरात कार्य निघेपर्यंत कळ काढायची.

धडा गिरवायला पॅरिसचा ग्राँ पाले समोर ठेवा. 1900 च्या जागतिक प्रदर्शनासाठी तो सेन नदीजवळ उभा राहिला, आणि त्याला जागा करून देण्यासाठी 1855 च्या प्रदर्शनाचा उद्योग-महाल पाडला गेला. आज ज्याचा वारसा म्हणून जीव की प्राण, त्याचा मुहूर्तच वारसा पाडून झाला होता. (त्या पाडलेल्या महालाशी आपलंही दूरचं नातं आहे बरं का. 1855 च्या त्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू जमवल्या, तेव्हा त्यांचा दुसरा संच इथेच ठेवून घेतला गेला. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं मूळ त्यात आहे. महाल गेला, दुसरा संच टिकला. लग्नात आलेला दुसरा डिनर सेट कुणाला देऊन टाकण्याआधी हे लक्षात असू द्या.)

वास्तुविशारद एक नेमू नका, चार नेमा. ग्राँ पालेच्या स्पर्धेतून एकच विजेता काही निघाला नाही, म्हणून तिघांना इमारतीचे तीन भाग वाटून दिले आणि तिघांवर देखरेखीला चौथा बसवला. पुढे काही बिघडलं तर बोट दाखवायला चार दिशा मोकळ्या राहतात. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत काहीतरी उदात्त कोरून घ्या. तिथे कोरलंय की प्रजासत्ताकाने ही वास्तू फ्रेंच कलेच्या गौरवाला अर्पण केली आहे. एकदा हे कोरलं की आत काहीही भरवायला तुम्ही मोकळे: घोडेस्वारीच्या स्पर्धा, मोटारींची प्रदर्शनं (1901 ते 1961), गृहोपयोगी वस्तू. पहिल्या महायुद्धात तर आत जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. छपरावर चार घोड्यांचे तांब्याचे रथही बसवा. त्यातल्या एका शिल्पाचं नाव आहे ‘काळाला मागे टाकणारं अमरत्व’. हे नाव विसरू नका, पुढे लागेल.

आता देखभाल. हा विषय आटोपशीर आहे, कारण ती करायची नाही. छत स्वतःच कळवतं. जून 1993 मध्ये ग्राँ पालेत प्रदर्शन चालू असताना सुमारे 35 मीटर उंचीवरून एक रिव्हेट (पोलादाचे तुकडे जोडणारी खीळ) खाली आला. आणि प्रदर्शनाचा विषय काय, तर डिझाइन. वर अमरत्व काळाला मागे टाकत धावतंय आणि त्याच्याच पायाखालून रिव्हेट सुटतोय. कुठल्याही अभियंत्याच्या अहवालाला इतकं नेमकं लिहिणं जमलं नसतं. मधलं भव्य दालन बंद झालं आणि ते उघडायला 2005 उजाडलं. एका रिव्हेटपायी बारा वर्षं! आपण उगाच स्वतःच्या नावाने खडे फोडतो.

रोग छपराचा आणि मूळ पायात, हेही घरोघरी दिसतं. ग्राँ पाले ओकच्या लाकडी खांबांवर उभा आहे. असं लाकूड पाण्यात बुडून राहिलं तर शतकानुशतकं टिकतं. जमिनीतल्या पाण्याची पातळी खाली गेली, खांबांच्या डोक्यांना हवा लागली आणि ती कुजू लागली. पाया खचला, वरचा पोलादी सांगाडा पिळवटला, रिव्हेट सुटले. तेव्हा छताला ओल दिसली की निदान एकदा खाली वाकून बघा. पण फार वेळ नको. पायाचं काम कुणाला दिसत नाही आणि त्याची फीतही कापता येत नाही.

फीत कापायची तर आराखडा हवा, आणि तो भव्य हवा. 2018 मध्ये तिथे 46 कोटी 60 लाख युरोंची योजना जाहीर झाली: महालाच्या आतून नवा रस्ता, छपरावर फेरफटका. चित्रं देखणी होती. चित्रात नेहमीप्रमाणे ऊन पडलेलं असतं, लहान मूल फुगा घेऊन धावत असतं आणि रांग कुठेच नसते. 2020 मध्ये संस्कृतिमंत्री बदलल्या आणि ती योजना रद्द झाली. रक्कम मात्र तेवढीच राहिली. यातून एवढंच शिका की आराखडा येतो-जातो, अंदाजपत्रक जपावं.

नव्या वास्तुविशारदांनी जे मांडलं ते ऐकून कुठल्याही ठेकेदाराला झीट येईल. त्यांच्या ‘आधुनिकीकरणा’चा मोठा भाग म्हणजे वर्षानुवर्षं आत घातलेले आडोसे, पोटभिंती आणि माळे काढून टाकायचे, म्हणजे 1900 साली आरपार दिसत होतं तसं पुन्हा दिसेल. भिंत घालायला पैसे, पाडायला पैसे, आणि मधल्या काळात कुणालाच काही दिसायला नको. हे मी थट्टेत म्हणतोय, पण जुनी वास्तू नवी करण्याचा याहून शहाणा मार्ग मला तरी माहीत नाही. शहाणपण महाग पडतं, एवढंच.

देणगीदार शोधा. ‘शनेल’ या फॅशन कंपनीने अडीच कोटी युरो दिले आणि मुख्य प्रवेशद्वाराला तिच्या संस्थापक गाब्रिएल शनेल यांचं नाव द्यायचं ठरलं. नाक मुरडू नका. आपल्या देवळात पंख्याच्या तिन्ही पात्यांवर ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’ असतं आणि वारा सगळ्यांनाच लागतो.

काम चालू असताना पर्यायी मांडव लागेल. त्यांनी आयफेल टॉवरजवळ लाकडी ‘तात्पुरता ग्राँ पाले’ उभारला. ऑलिंपिकमधली कुस्ती तिथेच झाली; आपल्या विनेश फोगाटची शंभर ग्रॅमची ती सगळी कहाणी त्याच आखाड्याभोवतीची. खेळ संपल्यावर तो मांडव खरंच उतरवला. हे अनुकरण मात्र करू नका. तात्पुरती शेड काढून टाकल्याचं आपल्याकडे कळलं, तर लोक चौकशी लावतील.

आणि कार्य? ते 2024 च्या उन्हाळ्यात होतं: पॅरिस ऑलिंपिक. 2021 मध्ये बंद केलेला महाल तलवारबाजी आणि तायक्वांदोसाठी बरोबर वेळेवर तयार झाला. काचेखाली ऊन, हिरवट पोलाद, जगभरचे कॅमेरे. बाकीची दालनं बरीचशी जून 2025 मध्ये उघडली. त्याच इमारतीच्या मागच्या अंगाला 1937 पासूनचं विज्ञान-संग्रहालय आहे. त्याचा मुख्य भाग तेव्हाही बंदच होता. लग्नघरात मागच्या खोलीचं असंच होतं. पाहुणे तिकडे वळलेच तर दाराला हात लावून हसत सांगायचं, “तिकडे नको हं, रंग ओला आहे.”