सतत शिकत राहा, पण मशीन थांबवू नका

वर्षातून एकदा कॅन्टीनशेजारच्या हॉलमध्ये बसवून समोसा खाऊ घालायचा, ते ट्रेनिंग आता जुनं झालं. आता 'कंटिन्युअस लर्निंग'. एमआयडीसी वाळूजची असो, शेंद्र्याची असो की जालन्याची, रोज शिकायचं आणि शिकलेलं कामात दाखवायचं. नवख्यांसाठी चार सूचना.

शिकायची उत्तम जागा म्हणजे थर्ड शिफ्ट सुटल्यावरची कंपनीची बस. 'वेळेचं नियोजन' हा व्हिडिओ तिथंच बघावा. तो पुढं पळवता येत नाही आणि डेटा तुमचाच जातो, म्हणून ज्ञानाची किंमत कळते.

परीक्षेला घाबरू नका. उत्तरं ग्रुपवर येतात.

फीडबॅकमध्ये पाचही तारे द्या. चार दिले तर एचआरचा फोन येतो.

भिंतीवरच्या स्किल मॅट्रिक्सकडं, म्हणजे कुणाला कोणतं काम किती येतं त्या तक्त्याकडं, श्रद्धेनं बघा. पाव गोल काळा म्हणजे माणूस शिकतोय, अर्धा म्हणजे कुणाच्या नजरेखाली करतोय, पाऊण म्हणजे एकटा करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. माणूस शिकला की गोल भरायचा, ही जुनी समजूत. आता गोल ऑडिटच्या आदल्या रात्री स्केचपेननं भरतात. आमच्या लाइनवर परतूरकडचं एक पोरगं आलं, आयटीआय झालेलं, ठेकेदाराकडून. ट्रेनिंगच्या ॲपवर व्हिडिओ बघितल्याचं सगळं हिरवं, त्यामुळं पाऊण गोल, त्यामुळं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, एकटं. ऑफसेटला, म्हणजे टूल किती सरकवायचं त्या आकड्याला, 0.02 द्यायचं तिथं 0.2 दिलं. बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, मोठं झालं. मोठं झालेलं बोअर काही परत लहान होत नाही, अख्खा ट्रे रिजेक्ट मालाच्या लाल पेटीत. मग चुकीचं मूळ शोधायचं व्हाय-व्हाय झालं. पाच 'का' विचारले आणि पाचवा नेहमीप्रमाणं ऑपरेटरपाशीच येऊन थांबला. उपाय? रिट्रेनिंग! तोच व्हिडिओ पुन्हा, त्यालाही आणि सगळ्या लाइनलाही, रविवारपर्यंत. म्हणजे ज्या व्हिडिओनं पोरगं घडलं नाही, तोच आम्ही बाकीच्यांनी सुट्टीच्या दिवशी बघायचा. आणि तीन मशीन पलीकडं मशीन लावून देणारे आमचे सेटर मामा उभे होते, जे कापणाऱ्या पात्याच्या, म्हणजे इन्सर्टच्या, नुसत्या आवाजावरून सांगतात, "इन्सर्ट रडायलंय, बदल." त्यांच्याजवळ पोराला चार दिवस उभं करायला कुणाला सवड नव्हती. का, तर टार्गेट.

साहेब, आता सरळच बोलतो. तुम्ही वाहन उद्योगाच्या ज्या गुणवत्ता मानकाचं, आयएटीएफ 16949 चं, प्रमाणपत्र रिसेप्शनला टांगलंय, त्याच्या 2016 च्या आवृत्तीत 7.2.2 कलम बघा. कामावरच शिकवायचं म्हटलंय, आणि ठेकेदाराच्या माणसालाही. ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक या प्राध्यापकानं 1959 मध्येच मांडल्या होत्या: आवडलं का, समजलं का, कामात उतरलं का, त्यातून निकाल काय आला. तुम्ही पहिल्या पायरीवर तारे मोजत बसलात आणि चौथीचा हिशोब आमच्याकडून मागता. लाज वाटत नाही? ट्रेनिंगचा खर्च वाचवला, वेळ आमच्या झोपेतून घेतला, आणि चूक झाली की कागद पोराच्या नावावर. त्याला पंधरा दिवस मामांजवळ उभं करा, तेवढे दिवस त्या मशीनचं टार्गेट कमी धरा, व्हिडिओ शिफ्टमध्येच दाखवा. हे जमत नसेल तर निदान 'मला प्रशिक्षण मिळाले' या ओळीखाली त्याची सही तरी घेऊ नका.