सहा लाख जळाले, त्याचं काय?

अभ्याचा नवा नियम असा, की अद्भुत कादंबऱ्यांची, म्हणजे फॅन्टसीची, मालिका पुरी झाल्याशिवाय पहिल्या भागाला हात लावायचा नाही. शनिवारी संध्याकाळी तो फडके रोडवरच्या आमच्या कट्ट्यावर आला तो हेच जाहीर करत. अजून बसलाही नव्हता, चहाही सांगितला नव्हता.

"2011 पासून वाट बघतोय. जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचा पाचवा भाग आला तेव्हा मी डिप्लोमाला होतो. आता माझी पोरगी तिसरीत आहे आणि सहाव्याचा पत्ता नाही."

"टीव्हीवर बघितलास की शेवट, 2019 ला," गोट्या म्हणाला.

"त्याचं नाव काढू नकोस."

गोट्याने लगेच नाव काढलं, 'गेम ऑफ थ्रोन्स'. पुढची पाच मिनिटं त्या शेवटच्या सीझनवर गेली. ती इथे लिहीत नाही, सगळ्यांनी सगळं बोलून झालंय.

अभ्याचं दैवत म्हणजे अमेरिकन फॅन्टसी लेखक ब्रँडन सँडरसन. विषय कुठूनही निघो, तो तिथेच येऊन टेकतो. "कामाचा माणूस बघा जरा. 'व्हील ऑफ टाइम'वाला रॉबर्ट जॉर्डन 2007 ला गेला, मालिका अर्धवट राहिली, तर याने शेवटचे तीन खंड लिहून 2013 ला ती संपवून दिली. करोनात चार कादंबऱ्या कुणाला न सांगता लिहून ठेवल्या. 2022 ला वाचकांकडे पैसे मागितले तर 4 कोटी डॉलरच्या वर जमले. आणि जादूचे नियम कसे, तर इंजिनिअरिंग ड्रॉइंगसारखे."

"2024 च्या डिसेंबरात त्याचा जो ठोकळा आला, तो वाचून झाला?" शमीने विचारलं.

"वाचतोय. सातशे पानं झालीत."

"म्हणजे लेखक लिहून मोकळा झाला, आता तूच त्याला ताटकळत ठेवलंयस."

शमी एका वाचनालयाच्या काउंटरवर बसते. तिथे बारा वर्षं बसून माणूस काय वाचतो हे तिला चेहऱ्यावरून कळतं. आमच्यात सगळ्यांत जास्त वाचन तिचं आणि सगळ्यांत कमी मिरवणं तिचं. ती बोलायला लागली की मी तरी गप्प बसतो.

गोट्याच्या भाचीने त्याला ड्रॅगनवाली मालिका वाचायला लावलीय. रेबेका यारॉसची. तिसरा भाग 2025 च्या जानेवारीत आला आणि पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत 27 लाख प्रती खपल्या. गोट्या दोन रात्री जागून वाचतोय आणि त्याला त्याची लाज नाही, हे मला फार आवडलं. "भारी आहे रे. युद्धाची शाळा आहे, ड्रॅगन आपला स्वार स्वतः निवडतो, मध्ये मध्ये लव्ह स्टोरी."

इथे पंतांनी कपाळाला हात लावला. पंत बँकेतून रिटायर झालेत, सत्तरीचे आहेत, रोज शुभ्र लेंगा-झब्ब्यात येतात आणि 'वास्तवाला भिडणारं' हे शब्द दिवसातून चारदा उच्चारल्याशिवाय त्यांना झोप लागत नसावी. "ड्रॅगनवर बसून प्रेम! काय हा पोरखेळ. साहित्य म्हणजे कसं, वास्तवाला भिडणारं हवं."

"पंत, रघुवंशाच्या तेराव्या सर्गात राम सीतेला पुष्पक विमानातून समुद्र दाखवतो," शमी शांतपणे म्हणाली. "कोजागरीला तुम्हीच म्हणून दाखवलं होतंत, डोळे मिटून. विमान चालतं, मग ड्रॅगनने काय घोडं मारलंय?"

"ते काव्य आहे."

"आणि गौरी देशपांड्यांनी मराठीत आणलेले अरेबियन नाइट्सचे 16 खंड? त्यातले जिन वास्तवाला भिडतात का? गौरीबाई तर तुमच्या देव्हाऱ्यातल्या."

पंत चहात बघायला लागले. तेवढ्यात अभ्याला आपला मुद्दा सापडला. "ते सगळं ठीक, पण फॅन्टसी मराठीत वाचवत नाही. इंग्रजीतच वाचावी. मराठीत शब्दच नाहीत. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं भाषांतर झालंय म्हणे, काय ते…"

"'स्वामी मुद्रिकांचा'. मुग्धा कर्णिकांनी केलंय, पूर्ण, तिन्ही खंड. उघडून बघितलंस?"

"नाही."

"मग? आणि शब्द नाहीत हे कुणाला सांगतोस? तुझं आजोळ मालवणकडचं. देवचार, वेताळ, मुंजा, खवीस, हडळ, जखीण, ब्रह्मसमंध. गिऱ्हा पाण्यातला, चकवा रानात वाट चुकवणारा, देवचार राखणीचा. प्रत्येकाची हद्द ठरलेली, प्रत्येकाचा मान ठरलेला, चुकलं तर गाऱ्हाणं कुणी घालायचं तेही ठरलेलं. तू जी मॅजिक सिस्टीम मॅजिक सिस्टीम करतोस ना, ती तुझ्या आजीला तोंडपाठ होती."

गोट्याने टाळीसाठी हात पुढे केला. शमीने दिली नाही, कारण तिचं संपलं नव्हतं. ती अभ्याला गेले सहा महिने ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' वाच म्हणून सांगतेय. 1968 चं पुस्तक, दोन दिवसांत संपेल एवढं. नायक तांबूस काळ्या रंगाचा, शेळ्या राखणारा पोरगा. तिथे प्रत्येकाला एक खरं नाव असतं, ते जपायचं, कारण ज्याला नाव कळलं त्याची सत्ता चालते. "बारशाला आत्या आधी कानात नाव सांगते, मग सगळ्यांना कळतं. ते आठवलं मला वाचताना," ती म्हणाली. मी ते पुस्तक तिच्याकडूनच नेऊन वाचलं होतं. बारशाचं तेव्हा मला सुचलं नाही, पण त्यातला पोरगा होडीतून आपल्याच सावलीच्या मागे निघतो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, तो अजून आठवतो.

"एकच सुचव, नवीन," गोट्या म्हणाला.

"वज्र चंद्रसेकेरा. 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स'. 2024 ला नेब्युला मिळालं, फॅन्टसी-विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार. कोलंबोचा माणूस आहे. नायकाची सावली जन्मताच आईने उपटून टाकलीय आणि बापाला मारायलाच त्याला वाढवलाय. बाप कोण, तर मोठा संत. आणि नायक शहरात येऊन काय करतो? ज्यांची भाकितं फसली, ज्यांना देवाने निवडलं नाही, अशा लोकांच्या मंडळात जाऊन बसतो."

"म्हणजे आपल्यासारखा," गोट्या म्हणाला.

"कोलंबो, बघ. लंडन नाही, न्यू यॉर्क नाही. आपल्या शेजारी बसून, भिक्खू, दंगली आणि सरकारी कागद यांच्यातून तो फॅन्टसी काढतो. आणि आपण म्हणतो, आपल्या मातीत ते होत नाही."

"झालंच की आपल्याकडे," पंत परत आले. "तुमचे नारायण धारप. 'लुचाई' काय, स्टीफन किंगवरून उचललेली."

हे पंत दरवर्षी बोलतात आणि दरवर्षी मला राग येतो. या वेळी मीच बोललो. हो, लुचाईचं मूळ किंगच्या कादंबरीत आहे. पण त्यातला अंधार धारपांनी जिन्याखालच्या अडगळीत आणून ठेवला आणि मी आठवीत असताना संध्याकाळी सातनंतर आमच्या घराच्या मागच्या पडवीत जाऊ शकत नव्हतो. त्यांच्या कथांतल्या समर्थ आणि अप्पा जोशी यांना मी ओळखीच्या माणसांसारखा ओळखत होतो. भूगोलाच्या पुस्तकाचं कव्हर घालून मी धारप वाचले. ते कव्हर का घालावं लागलं, याचा मला आजही संताप आहे. घरात कुणाला अद्भुताचं वावडं नव्हतं, देवघरात पोथी होती, पोथीत राक्षस होते. पण छापील कादंबरीत राक्षस आला की ते 'तसलं' पुस्तक.

"'तुंबाड' सिनेमा आला तेव्हा सगळ्यांना धारप आठवले," शमी म्हणाली. "नाव पेंडश्यांच्या कादंबरीचं, भीती धारपांच्या गोष्टीतली. 2024 ला परत लागला तर पहिल्यापेक्षा जास्त गर्दी. दुसऱ्या दिवशी काउंटरवर पोरं येऊन विचारत होती, धारप आहेत का. इंग्रजी शाळेतली पोरं, पंत. अडखळत वाचतात, पण नेतात."

"आणि परत आणून देतात," अभ्याने गोट्याकडे बघत म्हटलं.

इथून आमची गाडी नेहमीच्या फाट्यावर वळली. 2009 साली अभ्याने गोट्याला नाथमाधवांचं 'वीरधवल' वाचायला दिलं होतं. आजोबांचं, कापडी बांधणीचं, पहिल्या पानावर त्यांची सही. ते दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलं. गोट्या म्हणतो आईने दिलं, आई म्हणते याने गठ्ठ्यात ठेवलं होतं. अभ्या लग्नाच्या पंगतीत आग्रह करतानाही हे काढतो.

"आत्ता छापील मिळतं रे," गोट्या कुरकुरला.

"आजोबांची सही मिळते का छापील?"

याला उत्तर नाही. मी शमीला विचारलं, वीरधवल साधारण कधीचं? 1913, ती म्हणाली. नाथमाधव शिकारीला म्हणून सिंहगडावर गेले होते, कड्यावरून पडले, कमरेखालचं शरीर निकामी झालं. अंथरुणावर पडून वाचलं आणि मग लिहायला बसले. "स्वतःला दारापर्यंत चालता येत नाही, आणि माणूस राजपुत्राला दऱ्याखोऱ्यांतून पळवतो, भुयारांतून नेतो. आणि पंत त्याला पलायन म्हणतात."

कुणी काही बोललं नाही. पंतसुद्धा.

मग तिने ती गोष्ट सांगितली, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय. कथासरित्सागराच्या सुरुवातीलाच आहे ती, सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात लिहिलेली, पण घडते आपल्या प्रतिष्ठानच्या राजाकडे. प्रतिष्ठान म्हणजे पैठण. राजा सातवाहन राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेली राणी म्हणाली, 'मोदकैर्देव'. मा उदकैः, म्हणजे पाण्याने नको. राजाला संस्कृत येत नव्हतं. त्याने मोदक मागवले.

गोट्या हसून हसून कट्ट्यावरून घसरला. "उकडीचे की तळलेले?"

"ऐक. राणी हसली, राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या पदरी गुणाढ्य होता. तो म्हणाला, मी सहा वर्षांत संस्कृत शिकवतो. दुसरा पंडित म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज लावली की तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत, देशी, तिन्ही भाषा सोडीन. हरला, सोडल्या. विंध्याच्या रानात गेला, पिशाचांची भाषा शिकला आणि त्या पैशाचीत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. शिष्यांनी ती राजाकडे नेली. राजा म्हणाला, पैशाची भाषा, रक्ताची अक्षरं, नको मला."

"तसलं पुस्तक," मी म्हणालो.

"तसलंच. मग गुणाढ्याने टेकडीवर अग्नी पेटवला. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. ऐकायला कोण? रानातली जनावरं. हरणं, डुकरं, रेडे, चरायचं सोडून रडत बसलेली. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, सुकं मांस खाण्यात येतंय. आचाऱ्यांना झापलं, त्यांनी शिकाऱ्यांकडे बोट दाखवलं, शिकारी म्हणाले, महाराज, रानात एक ब्राह्मण पानं वाचून जाळतोय, ती ऐकत जनावरं उपाशी बसलीत. राजा धावत गेला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरले एक लाख. चांदोबात तुम्ही जो वेताळ वाचलात, विक्रमाच्या खांद्यावरचा, तो सोमदेवाच्या याच ग्रंथात आहे."

अभ्याचा चहा गार झाला होता. त्याला मुद्दा सुचत नव्हता, हे मी पहिल्यांदा बघितलं.

पंतांनी घसा साफ केला. "पण सातवाहन तर प्राकृताचे आश्रयदाते. हाल राजाची गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे."

मुद्दा खरा होता आणि शमीने तो मान्य केला. "म्हणूनच लागतं ना जास्त. ज्या घराण्याने लोकांच्या बोलीतल्या गाथा जपल्या, त्याच घराण्याच्या राजाकडून गोष्टीत ही चूक होते. जनावरांना कळलं, त्याला कळलं नाही. पंत, तुम्ही वाईट वाचक नाही आहात. तुम्ही फक्त भाषा आणि शाई बघता. सुरुवात तरी करा. धारपांचा एखादा कथासंग्रह देते, मागू नका, मीच आणून देते."

"सहा लाख गुणाढ्याने जाळले, ते समजू शकतो, त्याचे स्वतःचे होते," अभ्या हळूच म्हणाला. "पण माझं वीरधवल…"

"झालं का तुझं सुरू!" गोट्या ओरडला.

आणि नेमकी तेव्हाच एक रिक्षा गटाराशेजारच्या डबक्यातून सुसाट गेली. दुपारभर श्रावणाची सर लागून गेली होती, डबकं तुडुंब होतं. सगळं पाणी पंतांच्या शुभ्र लेंग्यावर. पंत ताडकन उठले, हात वर केला आणि रिक्षाच्या मागे जिवाच्या आकांताने ओरडले,

"मोदकैः! अरे मोदकैः!"

रिक्षावाल्याने पुढे जाऊन ब्रेक मारला, डोकं बाहेर काढलं. "काय पाहिजे काका?"

"एकवीस," गोट्या म्हणाला. "उकडीचे."