रणगाडा काढला, चुलतभाऊ दिला

गाजावाजा करून आलेला पुढचा भाग वाईट निघाला तर सोपं असतं. चार शिव्या घालायच्या, कटिंग प्यायचा, विषय मिटला. पंचाईत होते ती तो चांगला निघतो तेव्हा. सगळं जग 'व्वा' म्हणत असतं, आपणही पडद्यापुढे बसून 'व्वा' म्हणायला तोंड उघडतो, आणि तोंडातून निघतं, ''रणगाडा कुठाय पण?''

मी 'जीटीए फोर'बद्दल बोलतोय, म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या गुंडगिरीच्या व्हिडिओ गेम मालिकेतल्या 'फोर'बद्दल. २९ एप्रिल २००८ रोजी तो प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या गेम खेळायच्या यंत्रांवर आला. पहिल्या आठवड्यातच ६० लाख प्रती खपल्या. जगभरच्या परीक्षणांची गोळाबेरीज करणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याला १०० पैकी ९८ मिळाले. असले मार्क आमच्या वर्गात फक्त संस्कृतला पडायचे. पीसीवाल्यांच्या पदरात तो पडला डिसेंबरात. तोवर आम्ही नुसती स्तुती वाचून पोट भरत होतो, आणि स्तुतीने भूक वाढते.

आता आधीच्या पिढ्या सांगतो, नाहीतर माझं दुःख कळायचं नाही.

'व्हाइस सिटी' पीसीवर आला २००३ साली आणि बघता बघता सांगलीतल्या सायबर कॅफेंत शिरला. १२८ एमबी रॅम त्याला पुरायची, त्यामुळे पंख्याखालच्या कोपऱ्यातल्या सगळ्यात रडक्या पीसीवरही तो पळायचा. १९८६ सालचं, मायामीवर बेतलेलं शहर, नारळाची झाडं आणि निळा हवाई शर्ट घातलेला टॉमी व्हर्सेटी. त्याला कथा होती म्हणतात. आम्ही तिच्या वाटेला गेलो नाही. ज्यांनी सज्जनपणे एकेक मिशन करत जायचं ठरवलं, ते सगळे त्या रिमोटच्या हेलिकॉप्टरपाशी अडकले. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत खेळण्यातलं हेलिकॉप्टर घालून चार बॉम्ब ठेवायचे, तेही ठरलेल्या वेळात. मोठमोठे शूर त्या जिन्यात धारातीर्थी पडले. त्यातल्या एकाने पुढे सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, त्याचा याच्याशी संबंध असावा असं मला अजून वाटतं.

बाकीचे आम्ही चीट कोडवाले, म्हणजे गुप्त शब्द टाइप करून गेमला फसवणारे. तासाला वीस रुपये, दोघांत एक पीसी. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने कोड मारायचे. इंग्रजीच्या पेपरात 'बिकॉज'चं स्पेलिंग चार प्रकारे लिहिणारी पोरं 'लीव्ह मी अलोन' डोळे मिटून टाइप करायची, आणि मागे लागलेले पोलीस जागच्या जागी आपला नाद सोडायचे. 'पँझर' टाइप केलं की समोर आख्खा रणगाडा हजर. मग त्या रणगाड्यातून सगळं शहर तुडवत फिरायचं आणि वेळ संपली की कॅफेवाल्या काकांशी दोन मिनिटांवरून भांडायचं, यापलीकडे सुखाची आमची कल्पना नव्हती.

एकच गोष्ट पटत नव्हती. टॉमीला पोहता येत नाही. आयर्विन पुलावरून कृष्णेत उड्या टाकणारी पोरं आमच्या वर्गात होती, आणि हा एवढा नामचीन गुंड समुद्रात पाय घसरला की गचकायचा. 'मेलास की मला द्यायचं' असा करार असे. बुडणं हे मरण धरायचं की अपघात, यावरून माझी एका मित्राशी दोन आठवडे बोलाचाली बंद होती.

मग 'सॅन अँड्रियास' आला, पीसीवर २००५ मध्ये. पुढचा भाग कसा असावा याचा तो वस्तुपाठ. आधीचं सगळं ठेवलं आणि वर टाकलं. एका शहराची तीन शहरं केली, मधे डोंगर, वाळवंट, खेडी. विमान उडवा, सायकल हाणा, पॅराशूट घ्या. त्यातल्या नायकाला, सीजेला, पोहायला तर येतच होतं, पण तो जिममध्येही जायचा. फार खाल्लं की त्याचं पोट सुटायचं, व्यायाम केला की दंड भरायचे. ज्या गावात तालमीत नाव घातल्याशिवाय पोरगं वयात आलं असं कुणी मानत नाही, त्या गावाला आणखी काय हवं होतं? शिवाय 'हेसोयाम'. हा मंत्र टाइप केला की जीव पूर्ण भरायचा, चिलखत मिळायचं आणि खात्यावर अडीच लाख डॉलर. एक मित्र तो बारावीच्या पेपराआधी मनात म्हणायचा. पास झाला.

एवढ्या घराण्यात 'फोर' जन्माला आला. आणि त्याने काय केलं? संसार मांडला.

नायक निको बेलिक, पूर्व युरोपातला, युद्धात होरपळलेला माणूस. बोटीने लिबर्टी सिटीत, म्हणजे न्यूयॉर्कवर बेतलेल्या शहरात उतरतो. का? तर त्याचा चुलतभाऊ रोमन कळवत असतो की इकडे माझा बंगला आहे, स्पोर्ट्स कार आहेत, चैन आहे. प्रत्यक्षात खुराड्याएवढी खोली, तीत झुरळं, आणि एक टॅक्सीचा धंदा, तोही कर्जात. असा एक नातेवाईक प्रत्येक घराण्यात असतो. फक्त आपला ठाण्यात असतो.

इथपर्यंत मला गेम फार आवडला. मग फोन वाजला.

निकोच्या खिशात मोबाइल आहे. ही या भागाची मोठी प्रगती. चीट कोडसुद्धा आता त्या मोबाइलवर नंबर फिरवूनच मारायचे. आणि त्याच मोबाइलवर रोमन फोन करतो. तुम्ही गोळीबारातून जीव वाचवून गल्लीत लपला आहात, रक्त संपत आलंय, खाऊन जीव भरायला हॉट डॉगची गाडी शोधताय, आणि हा विचारतो, बोलिंगला येतोस का? नाही म्हटलं की त्याचं मन दुखतं. मन दुखतं म्हणजे अक्षरशः दुखतं, तुमच्यावरची त्याची माया गेममध्ये मोजली जाते आणि नकाराला घटते. माया टिकवली तर तो फुकट टॅक्सी पाठवतो. पाठोपाठ आणखी मित्र जमतात. लिटल जेकब खूश असेल तर गाडीच्या डिकीतून स्वस्तात बंदुका देतो, ब्रूसी हेलिकॉप्टर पाठवतो. म्हणजे प्रत्येकाकडे काहीतरी काम आहे, म्हणून प्रत्येकाकडे जाऊन बसायचं आहे. हे मला घरी फुकट मिळत होतं. त्यासाठी तासाला वीस रुपये कशाला?

टॉमीला कधी कुणा नात्यातल्याने जेवायला बोलावल्याचं मला आठवत नाही. त्याचं चारित्र्य कसंही असो, सुट्टीचा दिवस त्याचा स्वतःचा होता.

योगायोग असा की मलाही एक मावसभाऊ आहे, मिरजेला. प्रेमळ माणूस. रोमनचा फोन पडद्यावर वाजायला आणि त्याचा माझ्या खिशात वाजायला एकच गाठ पडे. ''कुठं हैस? ये की मिरजेला. निवांत बसू.'' इकडे बोलिंग, तिकडे निवांत बसू. दोन खंडांतले दोन भाऊ आणि मधे मी, हातात कॅफेचा कळकट कीबोर्ड.

तेवढ्यात एका जाणत्या मित्राने युक्ती सांगितली. रोमनला नाही म्हणायचंच नाही. 'हो, येतो की' म्हणायचं, आणि लगेच उलटा फोन करून बेत रद्द करायचा. मग माया घटत नाही! खरोखर घटत नाही, आम्ही आकडे पाहिले. तोंडावर नकार दिला तर राग, पण होकार देऊन मागाहून अडचण सांगितली तर काहीच नाही. गेम स्कॉटलंडमध्ये बनला म्हणतात, पण ही युक्ती गेममध्ये ठेवणाऱ्याचं आजोळ कुठलं याची चौकशी व्हायला हवी.

मी ती मिरजेला लावून पाहिली. ''हो, येतो की'' म्हणालो, आणि दहा मिनिटांनी फोन करून, ''दादा, जरा अडचण आलीय.'' तासाभरात दादा मोटरसायकलवर कॅफेच्या दारात. ''अडचण म्हणालास, म्हटलं बघून यावं.'' हातात मावशीने दिलेला डबा. मग तो शेजारी खुर्ची ओढून बसला, अर्धा तास पडदा बघितला आणि म्हणाला, ''ह्यात पयल्यावानी रणगाडा न्हाई व्हय?''

नव्हता. मूळ 'फोर'मध्ये रणगाडा नाही. चालवायला विमान नाही, सायकल नाही, जिम नाही, पॅराशूट नाही. काय आहे? पुलावर टोलनाका आहे! पाच डॉलर. न देता दांडा उडवला तर पोलीस मागे लागतात. गाडी जोरात धडकली तर निको काच फोडून बॉनेटवरून रस्त्यावर जातो, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा जीटीएमध्ये ब्रेक लावायची वेळ आली. वळणावर गाड्या लादी भरलेल्या टेम्पोवाणी कलतात. आणि सायबर कॅफेसुद्धा आहे. मी सायबर कॅफेत पैसे मोजून बसलोय, आणि माझा नायक गेममधल्या सायबर कॅफेत जाऊन ईमेल उघडतोय. ईमेल कुणाचा? आईचा.

कॉमेडी क्लब आहे, तिथे रिकी जर्व्हेस आणि कॅट विल्यम्स हे खरेखुरे विनोदवीर खरोखरचे विनोद सांगतात. आम्हाला ते झेपत नव्हते. पडद्यातले प्रेक्षक हसले की आम्हीही हसायचो, आणि काका म्हणायचे, ''नुसतं बघतच बसलाय की, पीसी सोडा.''

कॅफेतही तो धड पळत नव्हता म्हणा. त्याला निदान १६ जीबी जागा लागे, शिवाय बरं ग्राफिक कार्ड. एका मित्राने घरी पीसी वाढवून घेतला आणि कुठूनतरी कॉपी मिळवली. चोरीच्या कॉपीसाठी बनवणाऱ्यांनी खास सोय करून ठेवली होती, हे तेव्हा आमच्या गावी नव्हतं. थोडं खेळलं की कॅमेरा झोकांड्या खायचा, गाडीत बसलं की ती आपोआप सुसाट सुटायची आणि ब्रेक लागायचा नाही. गंमत अशी की रोमनबरोबर दारू प्यायला गेलं की निको तसाही झोकांड्या खातो. त्यामुळे आमचा समज झाला की ही कथाच आहे, याचं दुःख मोठं आहे. मित्राची आई चहा घेऊन आली, पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, ''हा माणूस सकाळपासूनच पितो का रे?'' मित्र कळवळून म्हणाला, ''आई, तो युद्धातून आलाय.''

पुढे नोकरी लागल्यावर मी अस्सल प्रत घेतली आणि निको शुद्धीवर आला. तेव्हा कुठे तो गेम पहिल्यापासून शेवटापर्यंत खेळलो. माझं मत विचाराल तर हुंदडायला 'सॅन अँड्रियास'च राजा, त्यात वाद नाही. 'फोर' त्याच्यापुढे कंजूष आहे; नकाशा लहान, रंग करडे, सगळीकडे ढगाळ. पण पाऊस पडून गेल्यावर ओल्या रस्त्यात दिव्यांचे रंग सांडतात आणि धक्का लागलेला माणूस भिंतीचा आधार घेत सावरतो, तेव्हा आधीचे दोन्ही गेम पुठ्ठ्याचे वाटायला लागतात, हे कबूल करायलाच हवं. आणि माणसं. इतक्या वर्षांनी गुपित कसलं, सांगूनच टाकतो: शेवटी एक निवड करावी लागते, आणि पैशाच्या बाजूने गेलात तर रोमन मरतो, स्वतःच्या लग्नात. मी पैशाच्या बाजूने गेलो. त्यानंतर बोलिंगला कुणी बोलवेना. मी शहाण्यासारखा जुना सेव्ह शोधून दुसरा शेवट घेतला, आणि हट्टाने स्वतः फोन करून त्याला बोलिंगला नेलं. हरलो.

टॉमीसाठी मी असलं काही केलं नसतं. म्हणजे 'फोर' उजवा की डावा? उजवा, असं मी म्हणतो. तरीही रणगाडा हवा होता, असंही म्हणतो. दोन्ही एका दमात म्हणतो म्हणून मित्र मला या विषयावर बोलू देत नाहीत.

२०१३ साली 'फाइव्ह' आला, तेव्हा बनवणाऱ्यांनी आमचं ऐकलं. विमानं परत, सायकली परत, पॅराशूट परत, लष्करी तळावर रणगाडासुद्धा उभा. पण संसार आवरला नाहीच, उलट वाढवला. एका नायकाचे तीन केले, त्यातल्या मायकेलला बायको, सोफ्यावर लोळणारा मुलगा, ऐकत नसलेली मुलगी आणि या तिघांमुळे लागणारा समुपदेशक. एका मिशनमध्ये तर बटणं दाबून दाबून त्याच्याकडून योगासनं करून घ्यावी लागतात. घरात बायको म्हणत होती, तो करतोय बघा, तुम्हीही करा.

आता सहावा. पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये दाखवली, आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. पुन्हा व्हाइस सिटी, आणि यावेळी जोडपं आहे, जेसन आणि लुसिया. चुलतभाऊ झाला, बायकामुलं झाली. आता सासुरवाडी येणार, याबद्दल मला शंका नाही.

अडचण एवढीच की तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या नव्या यंत्रांसाठी जाहीर झालाय, आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांत प्लेस्टेशन ५ एकाच घरात आहे. मिरजेला. दादाच्या मुलाने घेतलाय. मी तारीख कळल्या कळल्या स्वतःहून फोन लावला. म्हटलं, ''दादा, नोव्हेंबरात चार दिवस येतो म्हणतोय तुमच्याकडे. निवांत बसू.''

''ये की! विचारायचं काय त्यात?'' दादा म्हणाला. मी खुशीत फोन ठेवला.

दहा मिनिटांनी त्याचा उलटा फोन. ''अरे, नोव्हेंबर म्हणालास न्हवं? त्या आठवड्यात जरा अडचण आलीय बघ.''