मान खाली जाते तो पाय दुखरा नव्हे

गेल्या पंधरवड्यात गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या तीन-चार ग्रुपांवरून मला एकच मेसेज आला. घोडा लंगडला तर मान ज्या पायावर खाली जाते तो दुखरा. दुखणं बहुधा खांद्यात, तिथे तेल चोळा. सूज नसेल तर घाबरू नका. दुखण्याची गोळी देऊन किनाऱ्यावरच्या वाळूत फिरवा. खुरात खिळा दिसला तर लगेच उपटा. मी गुरांचा डॉक्टर, घोडेही बघतो. आमच्याकडे घोडा म्हटला की आधी शिगम्यातला घोडेमोडणीचा नाच आठवतो, कमरेला बांधलेले घोडे. खऱ्या घोड्याचे पाय तपासलेले हात थोडे, म्हणून असं काहीही पटतं.

मानेचं तर अगदी उलटं आहे. पुढचा दुखरा पाय टेकला की त्याच्यावरचा भार कमी करायला घोडा मान वर उचलतो, आणि चांगला पाय टेकला की मान खाली येते. मेसेज मानणारा चांगल्याच पायाला तेल लावणार. हे बघायला घोडा कठीण, सपाट जागेवर सरळ दुडका पळवावा. दुडक्या चालीत तिरके दोन पाय जोडीने पडतात, त्यामुळे फरक लगेच उठून दिसतो. दोर मात्र सैल हवा; आखूड धरला तर मान हलणारच कशी? मागचा पाय दुखत असेल तर मागे उभं राहून पुठ्ठे बघायचे, दुखऱ्या बाजूचा जास्त वर-खाली होतो. इथे मीही फसलो आहे: मागचा डावा फार दुखत असला तर मान अशी हलते की पुढचा डावाच लंगडतोय असं वाटतं.

खांद्याचं दुखणं क्वचित. पुढच्या पायाचं बहुतेक लंगडणं खुरात किंवा गुडघ्याखाली सापडतं, म्हणून तपासणी खालून वर जाते. नेमकी जागा शोधायला इंजेक्शनने नसा बधिर करतो तेव्हाही सुरुवात खुराजवळून.

मागच्या पावसात एका घोडीच्या खांद्याला चार दिवस तेल चोळलं होतं. पाय टेकवत नव्हती. खुराच्या वर मागच्या बाजूला बोट ठेवलं तर नाडी ठणठण उडत होती. निरोगी घोड्यात ती जेमतेम लागते. मोठ्या चिमट्याने तळवा दाबत गेलो, एका जागी तिने पाय हिसकला. तिथे काळी रेघ होती. सुरीने ती हळूहळू कोरत गेलो, तशी करड्या-काळ्या पुवाची धार आली, भयंकर वास. संध्याकाळी ती चारी पायांवर उभी राहून गवत खात होती. पाय वरून कुठेच सुजला नव्हता. खुराचं कवच कडक, आत पू झाला तरी फुगायला जागाच नाही, आणि दुखतं तेही त्यामुळेच. सूज नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

गोळीने घोडा बरा चालतो, पण मला तपासायला काही उरत नाही. आत कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, फाटली असेल तर तिच्यावर तो पूर्ण वजन टाकतो. मनाने मात्रा वाढवली तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. खोल वाळू कंडरांना आणखी ताणते. खूर दुखत असेल तर मऊ वाळूत लंगडणं कमी दिसतं आणि मालकाला वाटतं, बरा झाला. पुढचे पाय लांब टाकून टाचांवर रेलून उभा असलेला घोडा तर जागचा हलवूच नका.

खिळा उपटला की तो कोणत्या दिशेने, किती खोल गेला होता हे सांगणारी एकमेव खूण जाते. एक्स-रे होईपर्यंत तो तसाच ठेवावा, घोड्याला चालवू नये. टेकताना आणखी रुतणारच असेल तर आधी मोबाइलवर फोटो घ्या, जागेवर खूण करा, मग काढा. आणि फोन करताना धनुर्वाताची लस कधी टोचली होती तेही सांगा. घोड्याला धनुर्वात फार सहज होतो.