फॉर्मवर सही केली, म्हणजे काय दिलं?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला भावकीच्या, गावच्या मंडळाच्या आणि शाळेच्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आला. थोडक्यात असा: "मिरज-सांगलीत पेशंट दगावला तर कोर्टाच्या नादी लागू नका. ऑपरेशनआधी फॉर्मवर सही केलीत तिथंच तुमचा हक्क संपला. पोलिसात गुन्हा नोंदवल्याशिवाय कोण दारात उभं करत नाही. डॉक्टरच्या विरोधात डॉक्टर बोलत नाही. लाखानं कोर्ट फी, मुंबईच्या खेपा, वीस वर्षं. त्यापेक्षा बॉडी ताब्यात घेऊ नका, माणसं गोळा करा, तिथल्या तिथं मिटवा."

मी तासगावची. आमचे नाना सप्टेंबर २०२१ मध्ये एका खाजगी दवाखान्यात पित्ताशयाच्या खड्यांच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री गेले. आम्ही केस केली. त्यामुळे या मेसेजमधलं एकेक वाक्य माझ्या अंगावरून गेलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं चूक आहे.

सहीपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त घरं तिथं गप्प बसतात. ऑपरेशनच्या आधी आपण सही करतो ती उपचाराला आणि त्यातल्या माहीत असलेल्या धोक्यांना. भूल मानवणार नाही, रक्तस्राव होईल, जंतुसंसर्ग होईल, हे धोके सगळी काळजी घेऊनही उरतात, ते आपण पत्करतो. पण रात्रभर रक्तदाब खाली जात असताना कुणी बघायला येणार नाही, याला आपण संमती दिलेली नसते. तशी संमती कुणी लिहून घेतली तरी निष्काळजीपणाला ती ढाल होत नाही. आणि संमतीचीही हद्द असते. दिल्लीच्या एका प्रकरणात बाईनं दुर्बिणीतून तपासणी करायला सही केली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन डॉक्टरांनी तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढले. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ही संमती नव्हेच. तपासणीची सही शस्त्रक्रियेला चालत नाही, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान, शुद्धीवर येणाऱ्या रुग्णाऐवजी आईनं 'हो' म्हणून चालत नाही.

नानांच्या फॉर्मवर सही माझीच होती. रात्री साडेआठला, काउंटरवर उभ्या उभ्या, न वाचता. पुढं कित्येक महिने मला वाटायचं, मीच त्यांना देऊन टाकलं. म्हणून हे वाक्य मला नुसतं चुकीचं वाटत नाही, ते क्रूर वाटतं.

आता पोलिसात गुन्हा. ग्राहक आयोगात तक्रार करायला एफआयआर लागत नाही. फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या वाटा आहेत. फौजदारीत डॉक्टरची चूक ढोबळ, अक्षम्य असावी लागते. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टानं पोलिसांना बजावलंय की दुसऱ्या जाणकार, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही आणि उठसूट अटक करायची नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये उपचार करताना निष्काळजीपणे मृत्यू घडवणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला जास्तीत जास्त २ वर्षं कैद आणि दंड आहे. भरपाईच्या दाव्यात प्रश्न साधा असतो: त्या परिस्थितीत त्याच विषयाच्या बऱ्या डॉक्टरनं जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली गेली का? गुन्हा नोंदवला नाही म्हणून हा प्रश्न विचारायचा अधिकार जात नाही. आणि तो फक्त रुग्णाला असतो असंही नाही, ग्राहक गेला तर त्याच्या वारसाला तक्रार करता येते असं कायद्यातच लिहिलंय.

दवाखाने ग्राहक कायद्यात येतात हे १३ नोव्हेंबर १९९५ ला व्ही. पी. शांता प्रकरणात ठरलं. बिल विमा कंपनीनं भरलं असेल तरी येतात. जिथं सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तो दवाखाना मात्र येत नाही, केसपेपरचे पाच-दहा रुपये भरले म्हणून फरक पडत नाही. याचा अर्थ 'सिव्हिलला काही करता येत नाही' असा आपल्याकडं लावला जातो. तो बरोबर नाही, दिवाणी कोर्ट आहेच. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ मध्ये कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात कापडाचा बोळा राहिला, दोन आठवड्यांत ती गेली. घरच्यांनी दिवाणी दावा केला आणि सुप्रीम कोर्टानं सरकारला जबाबदार धरलं. पण तो निकाल १९९६ चा आहे. तेहतीस वर्षं. मेसेज लिहिणारा वेळेबद्दल अगदीच खोटं बोलत नाही, हे मी मान्य करते.

फी आणि खेपांबद्दल मात्र तो सरळ चूक आहे. दिवाणी दाव्यात मागितलेल्या रकमेवर फी असते. ग्राहक आयोगात तुम्ही किती भरपाई मागता यावर नसते, दवाखान्याला किती पैसे दिलेत यावर असते. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये. बिल ५० लाखांच्या आत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, म्हणजे आपल्या सांगलीतच. दवाखाना पुण्याचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ही सोय २०१९ च्या कायद्यानं आली. वकील लावायलाच पाहिजे असं नाही. पण अशा केसमध्ये लावावा असं मी अनुभवानं सांगेन. घरची बाई तक्रारदार असेल तर तिचं उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, अनुसूचित जाती-जमातींनाही.

वेळेचं खरं सांगते. कायद्यात निकालाला ३ महिने लिहिलेत. आमचा निकाल यायला अडीच वर्षं गेली. तारीख पडायची, आई सकाळच्या एसटीनं यायची, पुढची तारीख घेऊन जायची. निकाल अंशतः आमच्या बाजूनं लागला, दवाखान्यानं राज्य आयोगाकडं अपील केलं, ते चालू आहे. पण अपील करायलासुद्धा त्यांना निम्मी रक्कम आधी भरावी लागली.

मात्र ज्या मुदतीबद्दल घाबरायला हवं तिचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. तक्रार करायला २ वर्षं आहेत. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण 'व्हॉट्सअपवर वाचलं की काही होत नाही' हे सबळ कारण नव्हे. असले मेसेज माणसाची ही दोन वर्षं खातात.

"डॉक्टरच्या विरोधात डॉक्टर बोलत नाही." बऱ्याचदा बोलत नाही. आम्हीही मिरजेत चार दारं फिरलो, चहा मिळाला, मत मिळालं नाही. शेवटी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका निवृत्त सर्जननी कागद वाचून लेखी मत दिलं. पण प्रत्येक केसला तज्ज्ञ लागतोच असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात स्पष्ट केलंय. हैदराबादचं प्रकरण. त्यांच्या पत्नीला मलेरिया होता, उपचार टायफॉइडचे झाले, ती गेली. जिल्हा मंचानं (आताच्या जिल्हा ग्राहक आयोगानं) दिलेली २ लाखांची भरपाई वरच्या आयोगांनी काढून घेतली होती, कोर्टानं ती परत दिली. चूक कागदावरच उघडी दिसत असेल तर ती दाखवायला दुसरा डॉक्टर कशाला?

आणि कागदावर दिसते. नानांच्या टाइप केलेल्या डेथ समरीत एकच ओळ होती, हृदयक्रिया अचानक बंद पडली. पण रात्रपाळीच्या सिस्टरनी हातानं भरलेला तक्ता वेगळं सांगत होता. अकरा वाजता रक्तदाब ९०/६०, नाडी १२८, 'डॉक्टरांना फोनवर कळवले'. दीडला पुन्हा कळवले. तीनला पुन्हा. डॉक्टर आल्याची नोंद पाच वीसची. नाना सहा चाळीसला गेले. ज्या बाईनं झोपेच्या वेळी इमानानं ते आकडे लिहिले, तिचे आम्ही जन्माचे ऋणी आहोत. आयोगानं निकालात याच तक्त्यावर बोट ठेवलं.

हा तक्ता मागण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यावर ७२ तासांत केसपेपरच्या प्रती द्याव्या लागतात, आणि दाखल रुग्णाचे कागद निदान ३ वर्षं जपावे लागतात. नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही, सगळी फाईल मागा: सिस्टरचा तक्ता, औषधांचा कागद, ऑपरेशनची नोंद, भुलीचा कागद, संमतीचा फॉर्म. अर्ज दोन प्रतीत, एकीवर तारीख-वेळेसह शिक्क्याची पोच. पोच देत नसतील तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं पाठवा. नाकारलंच तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं तक्रार करता येते. ती परिषद भरपाई देत नाही, पण डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई करू शकते.

शवविच्छेदनाचं लिहिताना हात जड होतो. 'आता चिरफाड कशाला, माणूस परत येणार आहे का' असं मामा म्हणाले, आणि आम्ही नको म्हटलं. समोरच्या वकिलानं प्रत्येक तारखेला तेच काढलं: पोटात रक्तस्राव झाला हे तुम्ही कशावरून म्हणता? संशय असेल तर त्याच वेळी पोलिसांना लेखी कळवून सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन मागा. ती वेळ परत येत नाही.

उरलं 'माणसं गोळा करा'. आमच्याकडं गोळा झाली होती. सकाळी नऊपर्यंत गावातनं चाळीसभर पोरं आली, सगळी प्रेमापोटी. काउंटरची काच फुटली. कुणी फोडली हे आजही माहीत नाही, नाव दादाचं लागलं. दवाखान्यांवरच्या हल्ल्यांबाबत महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे: अजामीनपात्र गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. दादा अजून त्या तारखांना जातो. पण त्याहून मोठं नुकसान वेगळंच झालं. आम्ही फाईल मागितली तेव्हा ऑपरेशनची आणि भुलीची पानं नव्हती. दवाखान्यानं आयोगापुढं लिहून दिलं की त्या सकाळच्या गोंधळात ती गहाळ झाली. खोटं म्हणायला आमच्याकडं काय होतं? गोंधळ तर आम्हीच घातला होता.

बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही, रुग्णहक्कांच्या सनदेत तसा हक्कच दिलाय. तो आपण होऊन तिथं ठेवून सौदा करायचा हे माझ्या मनाला कधीच पटलं नाही. आमच्या शेजारच्या गावातल्या एका घरानं असं 'मिटवलं'. स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की आमची कसलीही तक्रार नाही. चार महिन्यांनी कागद वाचून त्यांच्या लक्षात आलं की तक्रार होती. तो स्टॅम्प पेपर आता त्यांच्याच विरोधात उभा आहे.

डॉक्टरांबद्दलही बोललं पाहिजे. माणूस गेला म्हणजे कुणीतरी मारला असं नसतं. २०२१ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं तेच सांगितलं: डॉक्टर प्रयत्न करू शकतो, जिवाची हमी देऊ शकत नाही. मिरजेच्या दवाखान्यांनी जत-आटपाडीपासून अथणीपर्यंतची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जगवली आहेत, माझी आई त्यातलीच एक. फाईल वाचून कधी कधी हेच कळतं की सगळं वेळेवर झालं होतं. तेही घरच्यांना कळायला हवं. राड्यातून दोन्हींपैकी काहीच कळत नाही.

परवा मी यातलं थोडं एका ग्रुपवर लिहिलं, तर रात्री जत तालुक्यातल्या एका काकांचा फोन आला. सून बाळंतपणात गेली, चौदा महिने झाले. बाळ आजीजवळ आहे. मुलगा बोलतच नाही म्हणाले, एकच धरून बसलाय, "सही म्या केली हुती." मी त्यांना दोनदा सांगितलं, काका, अजून दहा महिने आहेत. सोमवारी दोघं येणार आहेत. फाईल मागणारा अर्ज मी दोन प्रतीत लिहून ठेवलाय, खाली सहीची जागा मुलासाठी मोकळी सोडलीय.