एक्मो लावलं म्हणजे पेशंट गेला?

नेरूळ-सीवूड्सच्या सोसायटी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "छातीच्या ऑपरेशननंतर इन्फेक्शन झालं आणि डॉक्टर एक्मो म्हणाले, तर पेशंट गेलेलाच समजा. रक्तात जंतू पसरल्यावर मशीन काय करणार? सगळं बिलासाठी." एक्मो म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून, त्यात ऑक्सिजन भरून परत सोडणारं मशीन. मी आयसीयूत हेच मशीन चालवतो, म्हणून लिहितोय.

पेशंट गेलेला नसतो. कॉटजवळ उभं राहून नळ्या बघा. शिरेतून येणारं रक्त काळपट, मशीनच्या पडद्यातून ऑक्सिजन घेऊन परत जाणारं लालभडक. मिनिटाला साधारण 3 ते 5 लिटर. दोन्ही नळ्यांचा रंग सारखा दिसला की आम्ही धावतो. नुसत्या फुप्फुसासाठी लावलं असेल, तर हृदय पेशंटचं स्वतःचंच चालू असतं. काही जण तर शुद्धीवर असतात, खुणेने पाणी मागतात. 2018 च्या इओलिया नावाच्या वैद्यकीय चाचणीत फुप्फुसं गंभीर निकामी झालेल्यांपैकी एक्मोवरचे 35 टक्के 60 दिवसांत दगावले, व्हेंटिलेटरवरचे 46. हा फरक निर्णायक ठरला नाही, आणि ते पेशंट खास ऑपरेशननंतरचे नव्हते. पण 65 टक्के जिवंत होते ना?

जंतूंचा मुद्दा अर्धा खरा. एक्मो एकही जंतू मारत नाही. ते काम अँटिबायोटिकचं, आणि छातीत पू साठला असेल तर नळी घालून किंवा छाती पुन्हा उघडून तो काढणाऱ्या सर्जनचं. मग मशीन कशाला? फुप्फुसाचा भाग काढलेल्या पेशंटमध्ये श्वासनलिकेचं टोक टाके घालून बंद केलेलं असतं. इन्फेक्शनने ते उसवलं, की व्हेंटिलेटर जोरात हवा भरेल तितकी गळती वाढते. एक्मोवर तो दाब उतरवता येतो, टाक्यांना उसंत मिळते. धोका रक्तस्रावाचा: जखम ताजी, आणि मशीनच्या नळ्यांत गुठळी नको म्हणून रक्त गोठू न देणारं औषध, हेपॅरिन. काही वेळा हे औषध काही काळ बंदही ठेवतो. सेप्सिसने, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनून, हृदयच ढेपाळलं असेल तर धमनीतून आधार देता येतो. हृदय नीट चालून नुसतं बीपी पडत असेल, तर त्याचा फारसा उपयोग नाही.

बिल लाखांत जातं, खोटं कशाला बोलू. धर्मादाय रुग्णालयात निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी 10-10 टक्के खाटा राखीव असतात, त्याबद्दल समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी विचारा. आणि डॉक्टरांना रोज विचारा: पू निघाला का? मशीनचा ऑक्सिजन बंद करून फुप्फुसं स्वतः किती झेपवतात ते पाहिलं का? सुधारणा नसेल तर कधी थांबायचं ठरलंय?