शिव्या द्या, पण साडेसातला हजर राहा

मालिकांवर मत द्यायचं ठरवलंत, फार बरं केलंत. पण आपण मालिका बघत नाही, हे आधी जाहीर करून टाका. ‘मी कुठला बघतोय, आई लावते म्हणून कानावर पडतं’ एवढं म्हटलं की ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली राधिका परवा नवऱ्याला, म्हणजे गुरुनाथला, काय बोलली ते शब्दन् शब्द सांगायला तुम्ही मोकळे. पुरुषमंडळींनी तोंडासमोर पेपर धरायची जुनी रीत सोडू नये. फक्त तो सुलटा आहे ना, एवढं जाहिराती लागल्या की बघून घ्यावं.

मग राग कुणावर धरायचा ते ठरवा. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ 2016 ते 2021 चालली. संसार मोडला गुरुनाथने, पण तुमचा राग त्याच्या प्रेयसीवर, शनायावर हवा. पुरुष बिचारा नादी लागतो, लावणारी मात्र बाई असते. हे शास्त्र महाराष्ट्राने रोज रात्री उजळणी करून पक्कं केलंय, तुम्ही त्यात शंका काढू नका. खलनायिका करणारी नटी भाजी घेताना दिसली तर तिथेच तिला चार शब्द सुनवा. तिच्याच मालिकेतला बाहेरख्याली नवरा भेटला तर मात्र सेल्फी घ्या.

पात्राचा चेहरा बदलला तर सणच. 2018 मध्ये शनाया करणारी रसिका सुनील गेली, ईशा केसकर आली, तेव्हा ‘ही शनाया नव्हेच’ म्हणून टाहो फोडायचा होता. 2020 मध्ये रसिका परत आली, तेव्हा ‘आता तर कुठे दुसरीची सवय झाली होती’ असा. दोन्ही वेळा मनापासून. राधिका मसाले विकून 300 कोटींच्या कंपनीची मालकीण झाली, तेव्हा ज्यांना घरचं लाइट बिल कळत नाही त्यांनीही ताळेबंद मागितला होता. एवढ्या मोठ्या कंपनीच्या मालकिणीला त्या गुरुनाथशी भांडायला रोज वेळ कसा मिळतो, हे मात्र विचारायचं नाही. विचारलं तर मालिकाच संपेल. (‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये गरोदर जान्हवीचे दिवस मोजत बसलेल्यांचं काय झालं, आठवतंय ना? नऊ महिने उलटून गेले, विनोद संपले, बाळ काही येईना.)

अस्मिता दुखावून घ्यायची असेल तर घाई करू नका, हंगाम बघून दुखवा. 2016 मध्ये कोकणातल्या वाड्यात घडणारी ‘रात्रीस खेळ चाले’ आली तेव्हा कोकणाची बदनामी झाली म्हणून ओरड झाली, आणि ती मालवणी खरी नाही हे ठासून सांगणारे तर घाटावरसुद्धा निघाले. 2019 मध्ये दुसरा भाग आला आणि त्यातले अण्णा नाईक लाडके झाले. माणूस बाईलवेडा, हातून खून झालेले, पण काय रुबाब! मग चित्रीकरण झालेला आकेरीचा तो वाडा बघायला लोकांनी गाड्या काढल्या. बदनामीचा निषेध रांगेत उभं राहूनही करता येतो.

विद्वान म्हणून मिरवायचं असेल तर ‘ढापलंय’ हा शब्द जवळ ठेवा. ‘आई कुठे काय करते’ ही हिंदी ‘अनुपमा’वरून ढापलीय, असं ठोकून द्या. कुणीतरी आगाऊ माणूस सांगेल, की मराठी मालिका डिसेंबर 2019 ची आणि हिंदी जुलै 2020 ची. दुसरा सांगेल, दोन्ही मूळ बंगाली ‘श्रीमोयी’वरून, तेही रीतसर. अशा वेळी खचून न जाता ‘तेच म्हणतोय मी’ म्हणा आणि ‘आभाळमाया’वर या. 1999 ची ती मालिका काढली की समोरचा गहिवरतो आणि तारखा विसरतो.

आता मुख्य काम. मालिका कितीही भिकार वाटली तरी टीव्ही बंद करायचा नाही. टीआरपी, म्हणजे कोणती मालिका किती बघितली जाते, ते मोजण्यासाठी बार्क या संस्थेने काही निवडक घरांत मीटर बसवलेले असतात आणि दर गुरुवारी आकडे येतात. कोणतं चॅनल चालू आहे आणि घरातलं कोण बघतंय, एवढं त्या यंत्राला कळतं. बघणारा दात-ओठ खातोय, हे कळायची त्यात सोय नाही. भक्तिभावाने बघितलेलं मिनिट आणि शिव्या घालत बघितलेलं मिनिट, दोन्ही एकाच भावाने जातात. वाहिनीला हे माहीत आहे. म्हणून तर ज्या आठवड्यात तुमचं रक्त सर्वांत जास्त उकळतं, त्याच रविवारी महाएपिसोड असतो. तुमच्या घरी मीटर नसेल, तरी हरकत नाही. सराव म्हणून बघा.

‘आई कुठे काय करते’ चाललेली वर्षं ‘बंद करा ही मालिका’ असं म्हणण्यात घालवली असतील, तर 2024 मध्ये ती साडेसातवरून दुपारी अडीचला ढकलली तेव्हा तिच्या नायिकेवर, अरुंधतीवर अन्याय झाला म्हणून तुम्हीच ओरडायला हवं होतं. ओरडलातही म्हणे. नोव्हेंबरअखेर ती संपली, तेव्हा डोळे पुसत ‘शेवट गुंडाळला’ हेही म्हणून झालं असेल. पाच वर्षं चाललेल्या गोष्टीचा.

असो. साडेसातला आता दुसरी मालिका आहे आणि तिची नायिकाही फार सोसते. प्रोमो बघून मत बनवून टाका, पहिला भाग बघेपर्यंत कोण थांबतो? आणि रिमोट आईच्या हातात द्या. उद्या कुणी विचारलं तर लागेल.